राखलेला मुलूख (लेखांक ७) : आगर ते डोंगर

डहाणू गावाला लागून किनाऱ्यावर आगर नावाचं एक गाव आहे. कोकणात या शब्दाला दोन अर्थ. खाऱ्या पाण्याला बांध घालून जिथे मीठ पिकवतात ते आगर, आणि समुद्राच्या अंगाला गोड्या पाण्याच्या विहिरीवर जी नारळाची, केळीची, भाजीपाल्याची बाग उभी राहते तेही आगर. एकाच किनाऱ्यावर खारं आणि गोडं पाणी अगदी शेजारी शेजारी असतं. मधे असतो तो माणसाने घातलेला बांध, आणि तो दरवर्षी नीट करावा लागतो.

मागच्या आठवड्यात आपण तानसाच्या अभयारण्यात होतो. आत राहणाऱ्या माणसांचा प्रश्न तिथेही होता, पण कायद्याने जपलं होतं ते जंगल आणि त्यातलं जनावर. या आठवड्यातली जागा वेगळी आहे. डहाणू तालुका, त्यातले बाजार, शाळा, भातशेती, वाड्या, बंदरं, पाडे, सगळं धरून केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी ‘पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. २०११च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख होती. इतकी माणसं जिथे राहतात, कमावतात, भांडतात, लग्नं करतात तो मुलूख राखायचा कसा, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगतो. हा मुलूख कागदाने राखला गेला हे खरं आहे, पण त्या कागदाच्या मागे दर वेळी कुणीतरी उभं राहिलं म्हणून तो राखला गेला.

आधी जमीन पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. त्या कातळाला भेगा पडल्या, त्यांत पुन्हा लाव्हा शिरला आणि उभ्या भिंतींसारखा गोठला. पूर्वेला गंभीरगड, मध्यावर महालक्ष्मीचा सुळका, उत्तरेला बोर्डीमागचा बारडाचा डोंगर ही या रचनेची उघडी पडलेली हाडं आहेत. डोंगरांच्या मधून नद्या आणि ओहोळ पश्चिमेला निघतात. सूर्या जव्हारच्या डोंगरांतून येते, कासाच्या परिसरातून वळून दक्षिणेला जाते आणि वैतरणेला मिळते. तलासरीकडची वरोळी संजाणच्या बाजूने समुद्र गाठते. या खोऱ्यांतली माती पावसाळ्यात भात देते. किनाऱ्याजवळ तीच माती वाळूत मिसळते आणि तिथे बागायत होते. वाढवणला तर कातळ थेट समुद्रात शिरला आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत शिंपल्या, खेकडे, माशांची पिल्लं दिसतात. घोळ आणि दाढ्यासारखा मोठा मासा या किनाऱ्याला मिळतो, त्यामागे असले खळगे आणि खाडीतली तिवरं आहेत.

माणसाचा इथला माग फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने कोणकोणत्या नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट होड्या ठेवल्या त्याची यादी त्यात दिली आहे. त्या यादीत पार, दमण, तापी यांच्याबरोबर ‘डाहणुका’ हे नाव येतं. म्हणजे आज आपण जिला डहाणूची खाडी म्हणतो, तिच्या उतारावर तेव्हाही वर्दळ होती. मला या नोंदीचं फार अप्रूप वाटतं, कारण ती लढाईची किंवा विजयाची नाही. नदी ओलांडणाऱ्या माणसाची सोय कुणीतरी केली, एवढंच ती सांगते.

बारडाच्या डोंगरातल्या बहरोटच्या गुंफा हा दुसरा माग. इराणातून आलेले पारशी संजाणला उतरले, त्यांनी तिथे इराणशाह हा पवित्र अग्नी स्थापला. पुढे संजाणवर सुलतानी फौज चालून आली, तेव्हा त्यांनी तो अग्नी या डोंगरात आणून लपवला. बारा वर्षं तो इथे तेवत राहिला, अशी पारशी परंपरा आहे. नंतर वांसदा, नवसारी असा प्रवास करत तो अग्नी उदवाड्याला गेला आणि १७४२पासून तिथेच आहे. आजही पारशी भाविक हा डोंगर चढून येतात. बारा वर्षं अग्नी जागता ठेवायचा तर लाकूड लागतं, पाणी लागतं आणि गप्प राहणारा शेजार लागतो. या डोंगरात पारशांना तिन्ही गोष्टी मिळाल्या असणार.

तो शेजार म्हणजे इथले आदिवासी. आज तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ आणि डहाणूत जवळजवळ सात जण आदिवासी आहेत. त्यांत वारली सर्वांत जास्त. वारल्यांच्या चौकातली चित्रं आज विमानतळांवर आणि साड्यांवर दिसतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगाला दाखवली आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण चित्रांच्या कौतुकात त्या चित्रांतलं जंगल कसं वापरलं जातं हे बघायचं राहून जातं.

पावसाच्या पहिल्या आठवड्यात तलासरीच्या बाजारात जावं. रस्त्याच्या कडेला बायका पानांवर शेवळांच्या जुड्या मांडून बसलेल्या असतात. जमिनीतून वर आलेला जांभळट-तपकिरी कोंब, आत पिवळा दांडा. तो पिवळा भाग काढून टाकायचा आणि वरचं आवरण बारीक चिरायचं. जुडीबरोबर मूठभर हिरवी, आवळ्यासारखी फळं हातात पडतात, ती काकडं. मी एकदा म्हटलं, “मावशी, ही नकोत, नुसती शेवळं द्या.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि काकडं पिशवीत टाकलीच. म्हणाली, “घाला. नायतर घसा धरंल.” शेवळाची खाज काकडाच्या आंबटपणाने जाते. एक जमिनीतून येतं, दुसरं झाडावर लागतं, दोन्ही एकाच पंधरवड्यात तयार होतात. ज्या रानातून काकडाचं झाड गेलं त्या रानातलं शेवळही तिच्या लेखी अर्धं गेलं.

वारल्यांत कोवळ्या भाजीचा सण असतो. पहिल्या पावसानंतर उगवलेली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही. नवं भातही तसंच. कणसरी ही धान्याची देवी, तिला मान दिल्यावरच नवा तांदूळ चुलीवर चढतो. कुणी याला नुसती श्रद्धा म्हणेल. पण कोंब जमिनीतून वर येऊन जरा जोम धरेपर्यंत सगळ्या पाड्याने हात आवरायचा, हा त्या नियमाचा परिणाम आहे आणि तो वनखात्याच्या कुठल्याही फलकापेक्षा जुना आहे.

त्याच लोकांना जंगलाचे शत्रू ठरवायचं काम इंग्रजी राजवटीने केलं. इथली भाताची रोपं राबावर वाढतात. झाडाच्या फांद्या छाटून, पाला, गवत आणि शेण यांचे थर जमिनीवर पसरून ते भाजायचं आणि त्या राखेच्या जमिनीत बी पेरायचं. १८७८च्या वनकायद्यानंतर रानं राखीव झाली, राबासाठी फांदी तोडणं गुन्हा ठरू लागलं. ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला की १८८५मध्ये मुंबई सरकारला त्यावर वन आयोग नेमावा लागला. दुसरीकडे मुंबईला इमारतीचं लाकूड हवं होतं, कोळसा हवा होता, घोड्यांना आणि तबेल्यांना गवत हवं होतं. रेल्वे आली आणि डहाणूचं जंगल वखारीच्या दारात गेलं. ठेकेदाराची कुऱ्हाड चालायची, कुऱ्हाड धरणारा हात मात्र वारल्याचा.

तो हात गुलामाचा होता. सावकाराकडून लग्नासाठी घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, आणि ते कर्ज कधी फिटायचंच नाही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. शिवाय जमीनदाराची वेठ वेगळी. पुण्यात वाढलेल्या, वकिली शिकलेल्या गोदावरी परुळेकर या मुलखात आल्या. त्यांच्या आणि त्यांचे पती श्यामराव परुळेकर यांच्या प्रयत्नाने २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होतं. भाषावार राज्यं झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला.

झरीनंतर वारल्यांनी गवत कापणीचा दर मागितला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मागणी एवढीच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. पुढच्या वर्षी जंगलातल्या कामावर संप झाला आणि लाकूड व्यापाऱ्यांना दिवसाला सव्वा रुपया मजुरी मान्य करावी लागली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ही सगळी हकीकत लिहिली आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निसर्गाच्या इतिहासात मी हे का सांगतो आहे, असं कुणी विचारेल. ज्याच्या श्रमाला किंमत नाही त्याच्या रानालाही किंमत नसते, म्हणून. वारली मोकळा झाला त्या दिवसापासून ‘हे रान कुणाचं’ हा प्रश्न विचारता येऊ लागला.

किनाऱ्याची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. घोलवड, बोर्डी, डहाणू या पट्ट्यात पारशी आणि नंतर आलेल्या इराणी कुटुंबांनी, तसंच इथल्या इतर बागायतदारांनी चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा, पण ‘कालीपत्ती’ या जातीने डहाणूची माती अशी काही धरली की आज ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन आहे. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. काढणारा फळाच्या सालीवर नख ओढून बघतो. खाली हिरवं दिसलं, चीक आला, तर ते अजून कच्चं. पिवळसर दिसलं तर उतरवायचं. लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी बांधलेली असते, तिच्यात फळ अलगद घ्यायचं, कारण खाली आपटलेला चिकू आतून सडतो. हे नख ओढायचं आणि बांबू सांभाळायचं कसब बहुतेक वाड्यांत वारली स्त्रीपुरुषांकडे आहे, वाडी दुसऱ्याची आहे. डहाणू राखण्याच्या सगळ्या हकिकतीत ही गोष्ट विसरता येत नाही.

१९८०च्या दशकात डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारं वीजकेंद्र करायचं ठरलं. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या बीएसईएस कंपनीचं हे ५०० मेगावॉटचं केंद्र. नर्गिस इराणी आणि त्यांच्याबरोबरच्या बागायतदारांनी, रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. केंद्र थांबलं नाही, १९९५मध्ये ते सुरू झालं. पण त्या भांडणातून २० जून १९९१ची अधिसूचना निघाली.

तोवर देशात अशा अधिसूचना थोड्याच होत्या. १९८९मध्ये मुरूड-जंजिऱ्याची आणि डेहराडूनच्या दून खोऱ्याची निघाली होती. दूनमध्ये चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले होते, तिथे खाणी हे कारण होतं. डहाणूत उद्योगाला आधीच आळा घालायचा होता. अधिसूचनेने उद्योगांची हिरवी, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी केली आणि सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठेवली. हिरवे पट्टे, फळबागा, आदिवासींची क्षेत्रं तालुक्याच्या आराखड्यात आखून द्यायची आणि त्यांचा वापर बदलायचा नाही, असं तिच्यात म्हटलं होतं. तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायचा होता. तलासरी त्या पट्ट्यात येतं.

अधिसूचना निघाली आणि काही वर्षं तशीच पडून राहिली. ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी अंमलबजावणीसाठी वेगळं प्राधिकरण नेमायचा आदेश दिला. १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. ३ जानेवारी २०१९ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर ते या पदावर होते. बावीस वर्षं एक निवृत्त न्यायाधीश एका तालुक्याची फाइल उघडून बसला होता. १९९८मध्ये वाढवणला मोठं बंदर बांधायचा पी अँड ओ कंपनीचा प्रस्ताव आला, तेव्हा प्राधिकरणाने तो या अधिसूचनेत बसत नाही म्हणून नाकारला. वीजकेंद्राच्या धुरातला गंधक काढून घेणारं संयंत्र बसवा, असा आदेश १९९९मध्ये दिला. ते संयंत्र प्रत्यक्ष चालू व्हायला २००७ उजाडलं. आठ वर्षं लागली, पण बसलं. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात एवढा पाठपुरावा झालेला मला माहीत नाही.

मात्र एका बाजूचं ऐकून थांबलो तर ते चुकेल. पावसाळा संपला, भात निघालं की डहाणू-तलासरीचे पाडे अर्धे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात, गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. इथे कारखाने नाहीत म्हणून हवा स्वच्छ राहिली, पण त्या हवेत बारा महिने राहण्याइतकं काम गावात नाही, अशी तक्रार तरुण मुलं करतात, आणि ती खरी आहे. सूर्येवर धामणीला धरण झालं, त्यात आदिवासींच्या जमिनी गेल्या, आणि ते पाणी आता वसई-विरार, मीरा-भाईंदरकडे जातं. २००६च्या वनहक्क कायद्याने जे वनपट्टे मिळायचे ते मिळवताना लोकांचे जोडे झिजले. राखलेल्या मुलखाचा मोबदला राखणाऱ्याला मिळाला नाही, ही या हकिकतीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

आणि मग जमीनच हलली. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. बहुतेक लहान, पण उथळ, त्यामुळे आवाज मोठा. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून घराबाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी दगावली. त्या थंडीत लोक तंबूंत झोपत होते, शाळा मैदानात भरत होत्या. पावसाळ्यात मुरलेलं पाणी कातळाच्या भेगांत झिरपण्याशी या धक्क्यांच्या मालिकेचा संबंध असावा, असं अभ्यासकांना वाटतं. ‘नाजूक क्षेत्र’ हा शब्द १९९१मध्ये वाड्या आणि जंगल डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता. तो पायाखालच्या खडकालाही लागू पडेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नसेल.

वाढवण बंदराचा विषय मात्र संपला नव्हता. ३१ जुलै २०२३ रोजी, १९९८मध्ये नकार देणाऱ्या त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटी घालून परवानगी दिली. एप्रिल २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. रोजगार येईल असं सरकार म्हणतं. मासेमारीची जागा जाईल असं धाकटी डहाणू, वरोर, वाढवणचे मच्छीमार म्हणतात. माझं म्हणणं असं की, भरावाखाली जाणारा समुद्र हा माशांच्या पैदाशीचा समुद्र आहे आणि त्याची भरपाई रुपयांत मोजता येणार नाही. तरीही बंदर होणारच असेल, तर त्याच्या मागोमाग येणारी गोदामं, रस्ते आणि प्लॉट खोऱ्यांत किती आत शिरतात, हा पुढचा खरा प्रश्न आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन आणि मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग हे सगळं याच पट्ट्यातून जातं.

त्यासाठी १९९६च्या डिसेंबरकडे परत एकदा बघा. १९ तारखेला डहाणूचं प्राधिकरण झालं. त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ डिसेंबरला, अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणजे इथल्या ग्रामसभेला जमिनीबद्दल, पाण्याबद्दल आणि गौण वनोपजाबद्दल बोलायचा हक्क कायद्याने आहे. प्राधिकरणाचं नाव तेव्हापासून अनेकदा वर्तमानपत्रांत आलं. ग्रामसभांचं तेवढं आलं नाही. या दोन तालुक्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. १९९१ची अधिसूचना आजही लागू आहे आणि ती फार मोठी नाही. तिची मराठी प्रत मिळवा, पुढच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचा, आणि आपल्या पाड्यातली कोणती जागा आराखड्यात हिरवी दाखवली आहे ते नकाशावर बोट ठेवून विचारा. उत्तर लेखी मागा.

(पुढच्या आठवड्यात : तुंगारेश्वर)